आयत्या वेळी वाचायला उभं करू नका

शिक्षक म्हणून नवीन आहात, म्हणून आधी हेच सांगते: डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं) असलेल्या मुलाला आयत्या वेळी मोठ्याने वाचायला लावू नका. उतारा आदल्या दिवशी द्या. 'ध' आणि 'घ' एकत्र शिकवू नका. एक पक्कं झालं की दुसरं. वाळूत बोटाने अक्षर गिरवताना त्याचा उच्चारही तोंडाने करून घ्या. डोळा, कान, हात एकदम कामाला लावायची ही पद्धत अमेरिकन डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांच्या १९३०च्या दशकातल्या कामातून आली. चुकलेला शब्द पानभर लिहायची शिक्षा मात्र नको. हात दुखतो, शब्द काही डोक्यात बसत नाही. निबंधात आशयाचे गुण वेगळे, शुद्धलेखनाचे वेगळे. आणि पालक 'आळशीच आहे हो' म्हणाले, तर मान डोलावू नका.