दुसरी टिचकी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे म्युऑनची, म्हणजे आकाशातून येणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची, वाट पाहिलीस आणि पडद्यावर नुसता कचरा, म्हणजे भलतेच खोटे ठोके, हे तुझ्या पत्रात वाचून मला राइन्स आणि कोवन हे दोन अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आठवले.

१९५१ मध्ये त्यांनी न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही न अडकता आरपार जाणारा कण, पकडायचं मनावर घेतलं. मोहिमेचं नाव ‘पोल्टरगाइस्ट’, म्हणजे घरात आदळआपट करणारं भूत. पहिला बेत ऐक. न्यूट्रिनोंचा लोंढा मिळावा म्हणून अणुबाँब फोडायचा, जवळच खोल विहीर खणून ठेवायची आणि स्फोट होताक्षणी डिटेक्टर तिच्यात सोडून द्यायचा. म्हणजे जमिनीच्या हादऱ्यातून तो वाचेल. खाली पिसं आणि फोम रबर अंथरायचं, काही दिवसांनी उकरून काढायचं! बेताला मंजुरीसुद्धा मिळाली होती. आजही वाचताना हसू आवरत नाही, पण त्या हिमतीला माझा सलाम आहे.

मग डिटेक्टरमधल्या एका टिचकीवर, म्हणजे प्रकाशाच्या क्षणिक चमकेवर, न थांबता पाठोपाठची दुसरी टिचकीही शोधायची, हे त्यांना सुचलं आणि बाँबची गरजच उरली नाही. अणुभट्टीतून निघालेला अँटिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचा प्रतिकण) पाण्यातल्या प्रोटॉनवर आदळला, की पॉझिट्रॉन आणि न्यूट्रॉन सुटतात. पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, लगेच इलेक्ट्रॉनला भेटून संपतो, ती पहिली टिचकी. न्यूट्रॉन थोडा भटकतो, काही मायक्रोसेकंदांनी पाण्यात मिसळलेलं कॅडमियम त्याला गिळतं, ती दुसरी. कचरा अशी जोडी क्वचितच जमवतो. तरी अमेरिकेतल्या सव्हॅना रिव्हरच्या अणुभट्टीजवळ तासाला जेमतेम तीन जोड्या मिळायच्या. भट्टीतले न्यूट्रॉन तर फसवत नाहीत ना, या शंकेपायी त्यांनी भुशाची पोती भिजवून भोवती रचली, कारण ओला भुसा न्यूट्रॉन अडवतो. जोड्या तेवढ्याच राहिल्या. तेव्हा कुठे जून १९५६ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पावलीला तार केली. २६ वर्षांपूर्वी हा कण कागदावर मांडणारा तोच.

तुझं कामही दोन टिचक्यांचंच आहे. म्युऑन सिंटिलेटरमध्ये (कण आला की चमकणाऱ्या पदार्थात) थांबतो ती पहिली, आणि सरासरी २.२ मायक्रोसेकंदांनी त्यातून इलेक्ट्रॉन सुटतो ती दुसरी. योगायोगाच्या जोड्या दोन टिचक्यांमधल्या वेळेच्या आलेखावर सपाट पसरतात, खऱ्या जोड्यांचा उतार लागतो. तो उतार दिसायला आधी सपाट भाग नीट मोजायला हवा. म्हणून या आठवड्यात म्युऑन विसर, कचराच मोज.

पहिल्या रात्री एवढंच कर. खोलीतला दिवा लावून दहा मिनिटं मोजणी घे, मग मालवून दहा मिनिटं. आकडा उतरला तर कुठेतरी फट आहे, प्रकाश आत शिरतोय. काळी टेप सगळी सोलून पुन्हा लाव, कडांना दोन पदर, आणि फोटोमल्टिप्लायरची (मंद चमक विजेच्या ठोक्यात बदलणाऱ्या नळीची) मान जिथे बसते तिथे तीन. टेप लावताना व्होल्टेज बंद ठेव. दोन्ही आकडे मला कळव.