'मानसिक चाचणी' की 'मानसशास्त्रीय चाचणी'?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाच्या शाळेतून आलेल्या पत्रात 'मानसिक चाचणी' असं लिहिलंय, ते वाचून घरच्या आजी घाबरल्या. तिथे 'मानसशास्त्रीय' हवं होतं का, आणि 'मनोवैज्ञानिक' चालेल का?

'मानसशास्त्रीय'च हवं होतं. आजी उगाच नाही घाबरल्या. 'मानसिक' म्हटल्यावर आपल्याकडे पुढचा शब्द 'आजार' असाच मनात येतो.

म्हापशाला मराठी शिकवत होतो तेव्हा हा घोळ सोडवताना मी मन बाजूला ठेवून आधी पैशांवर यायचो. महिनाअखेरीला माझी जी अडचण होते ती आर्थिक. अर्थशास्त्रीय अडचण विद्यापीठातल्या प्राध्यापकांना येते, तीही पगार झाल्यावर! मुलं हसायची आणि मुद्दा डोक्यात बसायचा. सामाजिक आणि समाजशास्त्रीय ही जोडीही तशीच. मनाचं, मनात घडणारं ते मानसिक: ताण, धक्का, तयारी, छळ. त्या शास्त्राचं ते मानसशास्त्रीय: चाचणी, प्रयोग, परिभाषा. इंग्रजीत दोन्हींसाठी 'सायकॉलॉजिकल' चालून जातं, म्हणून भाषांतर करताना पाय घसरतो. माझाही घसरलाय. एका कार्यक्रमपत्रिकेत मी 'मानसशास्त्रीय आजार' असं छापून मोकळा झालो होतो. डॉक्टर मित्राने विचारलं, "आजार शास्त्राला झालाय काय रे?"

दोन्ही शब्द एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर पणजीत जुन्या सचिवालयाशेजारच्या पुतळ्यापाशी जा. आडव्या पडलेल्या बाईवर हात पसरून उभे आहेत ते आबे फारिया, संमोहनाचा अभ्यास करणारे गोव्याचे पाद्री, जन्म १७५६, कांदोळी. मृत्यू १८१९, पॅरिस. संमोहनाची झोप कशी लागते, यावर त्या काळात मेस्मर या जर्मन डॉक्टरचं मत चलतीत होतं: शरीरांतून वाहणारा कसलासा अदृश्य चुंबकीय द्रव. फारियांनी ते झिडकारलं. करणाऱ्याच्या हातात काही नाही, झोपणाऱ्याच्या मनाने सूचना स्वीकारली की झोप लागते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे झोपेचं कारण मानसिक, आणि फारियांनी मांडलेली उपपत्ती मानसशास्त्रीय. इथे शब्दांची अदलाबदल करून बघा, लगेच खटकेल.

'मनोवैज्ञानिक' चूक नाही, पण त्याला हिंदीचा वास आहे. हिंदीत ते विशेषणही आहे आणि त्या विषयाच्या जाणकार माणसालाही तेच म्हणतात. मराठीत 'वैज्ञानिक' मुख्यतः विशेषण म्हणूनच वावरतो, माणसाला आपण शास्त्रज्ञ म्हणतो. त्यामुळे 'मनोवैज्ञानिक सांगतात' असं वाचलं की मी क्षणभर अडखळतो. अभ्यासक असेल तर मानसशास्त्रज्ञ म्हणा, औषध लिहून देणारा डॉक्टर असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. हे दोघे एक नव्हेत, आणि आपल्या बातम्यांत सर्रास एक होतात.

आणखी एक, खास आपल्या गोव्यातलं. कोकणीत 'मानसीक' असं दीर्घ लिहितात आणि ते कोकणीत बरोबरच आहे. मराठीत मात्र 'सि' ऱ्हस्व. दोन्ही भाषा शिकणारी मुलं इथे हटकून गोंधळतात, त्यांना ओरडू नका. 'मानसिकदृष्ट्या' एकसलग लिहायचं. माणूस खचतो तोही मानसिकदृष्ट्याच.

शाळेला कळवणार असाल तर आधी चाचणी कसली आहे ते विचारा. मुलाचा ओढा कुठल्या विषयाकडे आहे हे बघणार असतील, तर त्याला 'कलचाचणी' हा सुटसुटीत शब्द आहे. आजींनाही तोच सांगा.