नीट न देता कर्करोग संशोधनात जाता येईल का?

रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक वडिलांचे पत्र आले आहे. मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. मागच्या वर्षी तिची आजी तोंडाच्या कर्करोगाने गेली, तेव्हापासून ती ‘मला कर्करोगावर संशोधन करायचे आहे’ असे म्हणते आणि नीटच्या तयारीत तिचे मन लागत नाही. डॉक्टर न होता हे काम करता येते का आणि त्यात पोट भरते का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

शेवटचे दोन महिने आपल्या आई केवळ पातळ वरणाच्या पाण्यावर होत्या आणि नात वाटी घेऊन जवळ बसत असे, हे वाचल्यावर मुलीच्या हट्टाला मी हट्ट म्हणणार नाही.

डॉक्टर न होता हे काम निश्चित करता येते. वैद्यकीय पदवी लागते ती रुग्णावर उपचार करण्यासाठी. गाठीतील पेशी का वाढत राहतात हे शोधणाऱ्यांत जीवशास्त्राचे, रसायनशास्त्राचे, अगदी संगणकशास्त्राचेही पदवीधर असतात. कर्करोग संशोधक डॉ. कमल रणदिवे यांच्या वडिलांचीही इच्छा मुलीने डॉक्टर व्हावे अशीच होती. त्या मात्र पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकल्या, एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली टिश्यू कल्चर (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

टिश्यू कल्चर हा शब्द आपल्याला नवा नाही. जी-नाईन या केळीच्या वाणाची रोपे त्याच पद्धतीने तयार होतात. कर्करोगाच्या प्रयोगशाळेत रोपाच्या कोंबाऐवजी माणसाच्या गाठीतील पेशी निर्जंतुक फ्लास्कमध्ये, लालसर पोषक द्रावणात वाढवतात. पेशी वाढल्या, आम्ल साचले की ते द्रावण पिवळे पडू लागते आणि मग ते बदलावेच लागते, त्या दिवशी लक्ष्मीपूजन असले तरी. बुरशी शिरली तर अनेक आठवड्यांचे काम टाकून द्यावे लागते. हे सोसूनही दुसऱ्या दिवशी नवा फ्लास्क हाती घेणारी माणसेच या क्षेत्रात टिकतात.

म्हणून मुलीला एक गोष्ट शांतपणे विचारावी. आजीसारख्या रुग्णाच्या उशाशी उभे राहून काही करावे असे तिला वाटते, की त्या पेशी थांबल्या का नाहीत हा प्रश्न तिला सोडत नाही? पहिले असेल तर नीटचाच रस्ता योग्य आहे, कारण संशोधनाचे फळ रुग्णापर्यंत फार उशिरा पोहोचते. रक्ताच्या एका कर्करोगात पेशीतील एक गुणसूत्र (आनुवंशिक माहितीचा धागा) आखूड दिसते, हे १९६० मध्ये लक्षात आले. गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीने तसे होते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. आणि त्यातून निपजणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये मान्य झाले.

आता पोटाचा प्रश्न. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाची पाच वर्षे घरच्या खर्चाची आहेत. त्यानंतर सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. मात्र पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे आणि पुढील पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे तात्पुरते संशोधनाचे काम) धरता कायमची नोकरी बहुधा तिशी ओलांडल्यावरच हाती येते, आणि प्राध्यापकपदाच्या जागा थोड्या असतात. औषध कंपन्या व निदान प्रयोगशाळांत काम मिळते, पण तिच्या लग्नाची घाई घरात असेल, तर हा हिशेब आजच सर्वांसमोर मांडावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बारावीनंतर पुण्यासह सात ठिकाणच्या आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांसाठी प्रवेश चाचणी, तर भुवनेश्वरचे नायसर आणि मुंबईचे सीईबीएस या तशाच विज्ञान संस्थांसाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा द्यावी. तेथे जमले नाही तर जळगाव किंवा भुसावळला बी.एस्सी. करून पुढे विद्यापीठात एम.एस्सी. करणे हाही कमी प्रतीचा मार्ग नाही. तेथूनही नेट देऊन खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात किंवा पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. महाविद्यालय निवडताना मात्र प्रात्यक्षिके खरोखर होतात का, हे स्वतः प्रयोगशाळेत जाऊन पाहावे.

मुलीने गणित ठेवले आहे की सोडले, हे आपल्या पत्रात नाही. आयसरच्या चाचणीत गणिताला जीवशास्त्राइतकेच स्थान आहे. सोडले असेल, तर अकरावीच्या पुस्तकापासून रोज तासभर गणित सुरू करावे आणि काय ठरले ते मला कळवावे.