लोग्रोन्योच्या गल्लीत दोघांनी फिरताना

तुम्ही दोघं पहिल्यांदाच जाताय, तर संध्याकाळी सहाला 'काये देल लाउरेल'वर, म्हणजे स्पेनमधल्या लोग्रोन्यो शहरातल्या बारच्या गल्लीत, जाऊन उभे राहू नका. खरी वर्दळ आठनंतरच. आम्ही सातला पोचलो होतो, निम्मी दारं बंद!

तिथे एकाच जागी बसून पोट भरायचं नसतं. एका बारमध्ये एक घास, एक छोटा पेला, की पुढचं दार. बहुतेक बारचा एखादाच पदार्थ नावाजलेला असतो. 'सोरिआनो'त लसूण घालून तव्यावर परतलेले मशरूम पावावर रचून देतात, वर छोटी कोळंबी. शाकाहारी असाल तर 'सिन गांबा' म्हणा, म्हणजे कोळंबीशिवाय. तोर्तियात, म्हणजे बटाट्याच्या स्पॅनिश ऑम्लेटमध्ये, मात्र अंडं असतंच.

वाइन मागताना नुसतं 'रेड' म्हणू नका, 'क्रिआंथा' मागा. रिओखा या तिथल्या वाइनच्या प्रदेशातली रेड क्रिआंथा किमान दोन वर्षं मुरवतात, त्यातलं एक ओकच्या पिंपात. रेसेर्वा तीन वर्षांची. ती शेवटच्या बारसाठी ठेवा.

पदार्थ एकच घ्या, दोघांत अर्धा-अर्धा. नाहीतर तिसऱ्या बारलाच हात टेकाल. आणि बायकोला टाचांचे बूट घालू देऊ नका, सगळा वेळ उभंच राहायचंय.