ऊन-पाऊस टोकाचा झाला की लोक घराबाहेर पडायचं टाळतात का? कोल्हापुरात काय दिसतं?

टाळतात, पण सरसकट नाही. बहुतेक वेळा फक्त वेळ बदलते. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी महाद्वार रोडची वर्दळ ओसरते आणि तीच माणसं दिवस कलला की रंकाळा तलावावर भेळ खायला हजर. ही सवलत अर्थात ज्याच्या हातात वेळ आहे त्यालाच; रिक्षावाल्याला आणि गवंड्याला दुपार चुकत नाही.

नुसता पारा बघून अंदाज बांधू नका. घाम वाळताना अंग थंड होतं. वळवाच्या आधी हवेत बाष्प दाटलं की घाम वाळतच नाही, म्हणून तापमान थोडं कमी असूनही जीव जास्त नकोसा होतो. आणि कारण तसंच असेल तर उन्हाचं काही चालत नाही: चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर रणरणत्या उन्हात सासनकाठ्या (देवाच्या उंच, सजवलेल्या काठ्या) नाचतात.

पावसाचं गणित उलटंच. झड लागली तरी रेनकोट चढवून माणूस कामावर जातो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी त्या दिशेनं चढू लागलं की लोक घरी बसायचं सोडून पूर बघायला नदीकडे निघतात! (पोलिसांची डोकेदुखी.) २०१९ आणि २०२१ मध्ये मात्र पाणी वस्तीत शिरलं, शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला. तेव्हा बाहेर पडायची इच्छा आहे का, हे कुणी विचारत नव्हतं. रस्ता कुठला उघडा आहे, एवढंच विचारत होते.