लंडनमध्ये आमचा गुरुवार

तू विचारलंस ते थोडक्यात असं: सीओईपीतून (पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून) सिव्हिल केलं, चार वर्षं पुण्यात मेट्रोच्या कामावर काढली, आता सप्टेंबरात नोकरी घेऊन लंडनला निघतोयस. तिकडे ओळखीचं कुणी नाही. तर आपल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना तिथे आहे का, सभासद कसं व्हायचं, आणि त्याचा उपयोग काय.

सभासदत्वाचं बाजूला ठेव. मी २०११ मध्ये आले तेव्हा माझ्याही डोक्यात हेच होतं. कुठेतरी एक ऑफिस असेल, वर्गणी भरायची, मग माणसं मिळतील. प्रत्यक्षात मी लिंक्डइनवर ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे’ आणि ‘लंडन’ असं शोधून चाळीसेक जणांना एकच मजकूर पाठवला. ‘आदरणीय सर, मी आपल्याच कॉलेजची, सोबत सीव्ही जोडला आहे.’ दोन उत्तरं आली. एकाने अंगठा पाठवला. दुसरं उत्तर १९७४ च्या बॅचच्या एका सरांचं होतं: ‘सीव्ही घरी ठेव. भूक घेऊन ये.’

त्यांनी बोलावलं फिट्झरॉय स्क्वेअरला, इंडियन वायएमसीएच्या कँटीनमध्ये. ही संस्था १९२० पासून इथे येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे. कितीतरी पिढ्यांचा गोतावळा तिथे जमला आहे. ट्रे घ्यायचा, रांगेत उभं राहायचं, डाळ-भात-भाजी वाढून घ्यायची, मोठ्या टेबलावर अनोळखी माणसाशेजारी बसायचं. थेट आपल्या होस्टेलची मेस. सरांनी माझ्या कामाबद्दल एक शब्द विचारला नाही. कुठल्या ब्लॉकला होतीस, रेगाटात (बोट क्लबच्या नदीवरच्या वार्षिक सोहळ्यात) काय केलंस, नदीला पाणी किती आहे, एवढंच. मी नदीत मशाल घेऊन उभी राहिले होते म्हटल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला. ‘तुमच्या वेळी मुली होत्या मशालीला?’ त्या दिवशी ओळख झाली. नोकरीचं बोलणं निघालं चौथ्या भेटीत, तेही त्यांनीच काढलं.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की पहिल्या निरोपात काही मागू नकोस. तुझी नोकरी ठरलेली आहे, तुला सोपं जाईल. पण तुझ्या मागून येणारे तुलाच विचारतील, म्हणून हेही सांगून ठेवते: ओळखीचा माणूस फार तर सीव्ही योग्य टेबलावर पोचवतो. कंपनीकडे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी माणसाला स्पॉन्सर करण्याचा परवानाच नसेल, तर तो बिचारा काय करणार? परवाना असलेल्या कंपन्यांची यादी इथलं सरकार स्वतःच जाहीर करतं. ती न बघता सीनियरला गळ घालणं म्हणजे बंद खिडकीसमोर रांग लावणं.

आता आमच्या गुरुवारबद्दल. महिन्याचा पहिला गुरुवार, संध्याकाळी साडेसहा, फॅरिंग्डन स्टेशनजवळ. बारा वर्षांत तीन जागा बदलल्या, वार बदलला नाही. (आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘बरं झालं, तिकडे तरी गुरुवार धरलास.’) वार आणि वेळ पक्की असणं हेच सगळं गुपित आहे. आधी आम्ही ‘सगळ्यांना कधी जमेल’ म्हणून मतं मागवायचो. बेचाळीस जण मत द्यायचे आणि चार जण यायचे. शेवटी आमच्यातल्या एकीने जाहीर केलं, ‘मी दर पहिल्या गुरुवारी तिथे बसणार आहे, कुणी आलं नाही तर पुस्तक वाचीन.’ पहिले दोन महिने तिने खरंच पुस्तक वाचलं. आता बारा-पंधरा जण असतात, त्यातले निम्मे दर वेळी वेगळे.

गुरुवारच का? शुक्रवारी लोक घरी पळतात किंवा गावाबाहेर जातात. कोविडनंतर बऱ्याच ऑफिसांत लोक मंगळवार ते गुरुवारच दिसतात. आणि फॅरिंग्डन का, हे तर तुझ्या धंद्यातलंच आहे. लंडन अंतरानं नव्हे, लाईनींनी मोजायचं. हॅरोचा माणूस मेट्रोपॉलिटन लाईनने सरळ येतो, क्रॉयडनचा थेम्सलिंकने, आणि मे २०२२ मध्ये एलिझाबेथ लाईन सुरू झाली, त्या नोव्हेंबरपासून स्लाउ, रेडिंग आणि इलफर्डचे लोकही गाडी न बदलता उतरतात. त्याआधी जागेवरून जी भांडणं व्हायची! वेम्बलीकर म्हणायचे वेम्बलीला या, हाउन्सलोचे म्हणायचे आम्हाला दीड तास लागतो, आणि ईस्ट हॅमवाले न बोलता गैरहजर राहायचे. शनिवार-रविवारच्या भेटीत आणखी एक मेख असते. दुरुस्तीसाठी कुठली ना कुठली लाईन बंद असते. निघण्याआधी बघत जा.

पबमध्ये भेटायचं म्हणजे प्यावंच लागतं असं नाही. लाइम-सोडा घेऊन तीन तास बसणारे आमच्यात निम्मे आहेत. पण एक रीत ठाऊक असू दे. इथे एकजण सगळ्यांसाठी पेयं आणतो, मग दुसरा, मग तिसरा. पुण्याच्या टीटीएमएमवर (तू तुझं, मी माझं) वाढलेला मुलगा स्वतःचा एक ग्लास घेऊन येऊन बसला की गोऱ्या सहकाऱ्यांना ते विचित्र वाटतं. आमच्या गटाने तोडगा काढलाय. प्रत्येकजण आपापलं घेतो, खायचं मात्र वाटून, आणि जो सहा महिन्यांच्या आत आलाय त्याने काही द्यायचं नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येक पौंडाचे रुपये करून बघायची सवय असते, ती आम्हा सगळ्यांना आठवते.

हाका कशा मारायच्या? ऑफिसात साठीच्या साहेबालाही नावाने हाक मारशील, दोन आठवड्यांत सरावशील. पण इथे १९७४ च्या बॅचला नावाने हाक मारणं मला चौदा वर्षांत जमलेलं नाही. ‘सर’ चालू आहे. त्यांची बायको मात्र मावशी.

वर्षातला आमचा खरा सण मात्र वेगळा आहे. आपला बोट क्लब १९२८ चा, पण इथली ऑक्सफर्ड-केंब्रिजची शर्यत त्याच्याही आधीची, १८२९ ची. मार्च-एप्रिलच्या सुमारास पटनीपासून मॉर्टलेकपर्यंत थेम्सवर होते, जेमतेम ७ किलोमीटर. बघायला तिकीट नाही, काठावर कुठेही उभं राहा. आम्ही हॅमरस्मिथच्या पुलाजवळ जमतो. थर्मास, चिवडा, कुणाचीतरी पोरं, एक घडीची खुर्ची सरांसाठी. शर्यत चढत्या भरतीबरोबर लावतात, त्यामुळे दर वर्षी वेळ वेगळी, आणि तेवढ्यासाठी भरतीचं वेळापत्रक बघणारे आम्हीच. दोन तास थांबायचं, आणि होड्या समोरून जातात अर्ध्या मिनिटात. बाकी सगळा वेळ गप्पा. सर दर वर्षी नदीकडे बोट दाखवून म्हणतात, वल्ही मारणं सोपं, एवढ्या प्रवाहात पंट (सपाट तळाची होडी) उभी धरून दाखवा. २०१५ पासून मुलींची शर्यतही याच पात्रात होते. त्या वर्षी आमच्यातल्या बायकांनी जो आरडाओरडा केला, तो ऐकून शेजारच्या इंग्रज जोडप्याने विचारलं, ‘तुमच्यातलं कुणी आहे का होडीत?’

एकट्या कॉलेजवर मात्र अवलंबून राहू नकोस. महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, ज्युबिली लाईनवर डॉलिस हिलला त्यांची स्वतःची वास्तू आहे. गणपतीत जा. तिथे पीव्हीजी, फर्ग्युसन, सर परशुराम, पुण्यातल्या सगळ्या कॉलेजांचे लोक भेटतात, आणि फिरोदिया करंडकात (कॉलेजांच्या नाट्यस्पर्धेत) कुणी कुणाला हरवलं यावर पन्नाशीतली माणसं तावातावाने भांडतात. कामाच्या दृष्टीने इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स. १८१८ ची संस्था, पार्लमेंटला लागून वन ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर. संध्याकाळची व्याख्यानं बरीचशी फुकट असतात. मला तिथे दोन सीओईपीयन भेटले ते असे: व्याख्यान बोगद्यांवर होतं, मागच्या रांगेतून कुणीतरी अगदी हळू ‘काळा कातळ असता तर कळलं असतं’ म्हणालं. मराठीत. लंडनच्या चिकणमातीवर नाराज असा माणूस दख्खनचाच असणार.

आता कडू भाग. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘खोली उपलब्ध, फक्त आपल्या कॉलेजच्या माणसाला’ असा निरोप दिसला की हुरळून जाऊ नकोस. पहिल्या वर्षी मी अशाच एका ‘आपल्या’ माणसाला दोन महिन्यांचं भाडं रोख दिलं. पावती मागायची लाज वाटली. खोली म्हणजे हॉलमध्ये उभं केलेलं प्लायवुड निघालं, आणि डिपॉझिट आजतागायत परत आलेलं नाही. नंतर कळलं, की नेहमीच्या भाडेकरारात वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेताच येत नाही, आणि घेतलेलं ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. हे आपल्या कॉलेजच्या माणसालाही विचार. खरा असेल तर रागावणार नाही. आणि उलट बाजूनेही: नुकत्याच ओळख झालेल्या सीनियरला भाड्यासाठी जामीन राहायला सांगू नकोस. एका मुलाने सांगितलं, सरांनी सही केली, मुलगा तीन महिन्यांनी नोकरी सोडून भारतात परतला. सर अजून त्याचं नाव घेत नाहीत.

डिसेंबरसाठी मनाची तयारी ठेव. चारच्या आत अंधार पडतो, माणसं दिसेनाशी होतात, गुरुवारी सहाजण आले तरी खूप. नाताळच्या दिवशी तर ट्यूब (भुयारी रेल्वे), बस, काहीच चालत नाही. पहिल्या नाताळला मी सकाळी स्टेशनवर गेले आणि ओढलेलं शटर बघून परत आले. दुपारी मावशींचा फोन, ‘कुठे राहतेस, पत्ता सांग.’ सर गाडी घेऊन आले. आता ते काम मी करते. चोवीस तारखेला ग्रुपवर विचारते, उद्या एकटं कोण आहे. तुझं नाव आत्ताच लिहून ठेवलंय.

निघण्याआधी पुण्यात दोन कामं उरकून घे. ट्रान्सक्रिप्टचे (सगळ्या गुणांच्या अधिकृत नोंदीचे) चार-पाच सीलबंद संच काढ, इथली चार्टर्ड इंजिनिअर ही व्यावसायिक मान्यता घेताना लागतील. कॉलेज २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालं, पण तुझी पदवी आधीची, म्हणजे पुणे विद्यापीठाची, तेव्हा कुठे अर्ज करायचा ते इथून फोनवर विचारत बसण्यापेक्षा तिथेच उभं राहून विचार. इथली दुपार म्हणजे तिथलं ऑफिस बंद. आणि दुसरं काम सरांचं. बोट क्लबच्या घाटावर जा, पाण्याची पातळी कुठल्या पायरीपर्यंत आलीय आणि जलपर्णी किती आहे हे नीट दिसेल असा फोटो काढ. मोबाइलवर नको, छापून आण. सरांना फोन जवळ धरून बघता येत नाही, आणि दर नव्या मुलाला ते पायऱ्याच मोजायला लावतात.