सोलापूरहून जर्मनीतल्या केम्निट्सला येणाऱ्या मानलेल्या धाकट्या भावाला

तुझा मेसेज दोनदा वाचला. केम्निट्सच्या तांत्रिक विद्यापीठात एम्बेडेड सिस्टिम्सला प्रवेश झालाय, व्हिसा आलाय, ऑक्टोबरला सत्र सुरू होतंय. आणि तू विचारलंयस, "ताई, अभ्यासाचं मी बघून घेईन, पण रोजचं राहणं-खाणं कसं जमवू? मला चहापलीकडे काही येत नाही आणि आई रोज रडतेय." मी सोलापूरच्या अशोक चौकातल्या घरातून याच केम्निट्सला आले, शिकले आणि आता इथेच नोकरी करते. माझ्यासोबत जे झालं तेच लिहिते.

आधी भाषेचं, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, करून तू ती भाषा सोडलीस, असं लिहिलंयस. सोडू नकोस रे. वर्गात इंग्रजी चालेल. पण दवाखान्यातली काउंटरवरची बाई, हॉस्टेलचा केअरटेकर, ट्रामचं तिकीट तपासणारा माणूस, बेकरीतल्या मावशी, हे सगळे जर्मनच बोलतात. हा भाग 1990 पर्यंत पूर्व जर्मनीत होता. इथल्या वयस्कर माणसांना शाळेत परकी भाषा म्हणून रशियन शिकवलेली आहे, त्यामुळे इंग्रजीत विचारलं की ती गोंधळतात आणि आपल्याला वाटतं तुसडी आहेत. त्याच माणसाला मोडक्या जर्मनमध्ये विचार, तो रस्ता दाखवायला कोपऱ्यापर्यंत सोबत येईल.

आणि हे आपल्याला जमतं. माझी आजी लक्ष्मी मंडईत भाजीवालीशी कानडीत भाव करायची, आमच्या टॉवेलच्या कारखान्यातल्या कामगारांशी तेलुगूत बोलायची आणि घरी येऊन आम्हाला मराठीत रागवायची. कानडी-तेलुगूचं व्याकरण तिला कुणी शिकवलं नव्हतं. चुकलं तर समोरचा दुरुस्त करायचा, ती पुढे बोलायची. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, तू कितीदा तरी त्यावरून गेला असशील. ते 1938 साली चीनला गेले, तिथे चिनी शिकले आणि त्याच भाषेत शिकवायलाही लागले. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात मला ते फार आठवायचे. निघेपर्यंत रोज एक तास दे. आकडे, वेळ, पत्ता, "हळू बोला", "मला समजलं नाही", "हे लिहून द्याल का", एवढं तोंडात बसू दे.

आता कागदपत्रं. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने किंवा हॉस्टेलने सही केलेला एक फॉर्म लागतो. किल्ली घेतानाच तो मागून घे. पुढचं सगळं या नोंदीवर अडतं: बँक, कराचा क्रमांक, राहण्याचा परवाना. व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवतात त्या तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो भरलेले असतील, त्यातले महिन्याला 992 सुटतात. पण इथलं बँक खातं सुरू होईपर्यंत त्यातला एकही युरो हातात येत नाही. पहिलं भाडं, डिपॉझिट, गादी-पांघरूण सगळं याच काळात येतं. फॉरेक्स कार्डावर आणि थोडे रोख असे मिळून हजारेक युरो वेगळे ठेव. व्हिसा थोड्याच महिन्यांचा असतो, म्हणून परदेशी नागरिकांच्या कार्यालयात परवान्यासाठीची वेळ पहिल्याच महिन्यात मागून ठेव. ती लगेच मिळत नाही.

पत्रपेटीचं मात्र सविस्तर सांगते, कारण मी तिथेच फसले. सोलापुरात पत्त्यावर "मारुती मंदिरामागे" लिहिलं तरी पोस्टमन बरोबर येतो, कारण तो घर ओळखतो. इथे बहुतेक इमारतींत खोलीला नंबरच नसतो, पेटीवर आणि बेलवर नाव असतं. नाव नाही तर तू तिथे राहतच नाहीस. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझं बँकेचं कार्ड परत गेलं, मग पिनचं पाकीट परत गेलं, आणि खात्यात पैसे असून मी तीन आठवडे मैत्रिणीकडून उसने घेऊन दिवस काढले. गेल्या गेल्या कागदाच्या तुकड्यावर आडनाव लिही, चिकटपट्टीने पेटीवर लाव, मगच बॅग उघड.

आणि पेटीत आलेलं प्रत्येक पत्र वाच. इथे महत्त्वाचं सगळं पोस्टाने येतं. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, दर घरामागे महिना 18.36 युरो. मला ती जाहिरात वाटली, मी ती रद्दीत टाकली. नंतर थकबाकी आणि दंड असं एकदम भरावं लागलं. तुझ्याकडे टीव्ही नसला तरी ती भरायची असते. चार जण एकत्र राहत असाल तर एकाच्या नावाने भरून वाटून घ्या. पत्र कळलं नाही तर फोनवर भाषांतर कर, तरी कळलं नाही तर मला फोटो पाठव. कितीही वेळा पाठव.

खोलीबद्दल एकच सांगते, पण ते विसरू नको. आपण वैशाखात दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून घर गार ठेवतो. इथे थंडीत मी तेच केलं. खिडकी घट्ट बंद, आत ओले कपडे वाळत घातलेले, कुकरची वाफ. जानेवारीत कपाटामागच्या भिंतीवर हाताएवढा काळा बुरशीचा डाग उठला आणि खोली सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. खिडकीचा दांडा आडवा केला की ती दारासारखी पूर्ण उघडते, वर केला की फक्त वरच्या अंगाने कलते. थंडीत रोज दोन-तीन वेळा ती पूर्ण उघडायची, पाच-दहा मिनिटं, हीटर बंद करून. बाहेर शून्याखाली असलं तरी. दिवसभर कलती ठेवून काही उपयोग नाही, भिंत गार पडते आणि हवा बदलत नाही.

आता जेवण. आईला सांग, उपाशी राहणार नाहीस. विद्यापीठाच्या मेन्झामध्ये, म्हणजे कँटीनमध्ये, विद्यार्थ्यांना स्वस्तात गरम जेवण मिळतं, शाकाहारीही असतं. पण रात्रीचं आणि रविवारचं स्वतःलाच करावं लागतं, म्हणून निघण्याआधी वरण-भात, एक आमटी, एक सुकी भाजी आणि पिठलं एवढं आईच्या शेजारी उभं राहून शिक. व्हिडिओ बघून शिकू नकोस. तिलाही त्या आठ दिवसांत बरं वाटेल.

भाकरीचा नाद मीही धरला होता. पहिल्या आठवड्यात हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात तवा ठेवला. शेगडी काचेची, ज्वाळ नाही. घरच्या सवयीने तव्यावरून काढून फुलवायला भाकरी थेट शेगडीवर टाकली. ती फुगली नाही, जळली, धूर झाला आणि छतावरचा अलार्म कर्कश ओरडायला लागला. मजल्यावरची सगळी मुलं बाहेर आली. मला शब्द सुचेना, मी हातातली भाकरी दाखवून नुसतं "ब्रोट, माइन ब्रोट" (पाव, माझा पाव) म्हणत राहिले. समोरच्या खोलीतल्या व्हिएतनामी मुलीने खिडकी उघडली, खुर्चीवर चढून टॉवेलने धूर हाकलला आणि मग ती जळकी भाकरी मागून घेतली. शेंगाच्या चटणीसोबत तिने ती सगळी खाल्ली. या गावातली माझी पहिली मैत्रीण ती.

नंतर मला जमलं. पीठ कढत पाण्यात मळायचं, भाकरी उलटल्यावर तव्यावरच फडक्याने कडा दाबत फिरवायची, फुगते. पीठ मात्र दोन किलोपेक्षा जास्त आणू नकोस. जुनं झालं की त्याची विरी जाते, थापताना कडा चिरतात. त्याऐवजी कडक भाकरी आण. कोरड्या डब्यात महिनोन्महिने टिकतात, आमटीत चुरून खाल्ल्या की परीक्षेच्या दिवसांत दुसरं काही करावं लागत नाही. शेंगाची चटणी, येसर, काळा मसाला, छोटा कुकर, एवढं पुरे. तूप, पेढे, खवा, मांसाचे पदार्थ बॅगेत टाकू देऊ नकोस. दूध आणि मांसाच्या पदार्थांना युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. लोणी इथे चांगलं मिळतं, तूप घरी कढव. साधं दही कुठल्याही दुकानात मिळतं, त्याचं विरजण छान लागतं. चादर एक आण. नुसत्या चादरीवर थंडी निघणार नाही, जाड पांघरूण इथे घ्यावंच लागेल. पण रात्री आपली चादर पायाशी असली की बरं वाटतं. जाड जॅकेट आणि बूट तिथे घेऊ नकोस, इथे घे. बूट घसरणार नाहीत असे बघ, बर्फ वितळून पुन्हा गोठला की फुटपाथ काचेसारखा होतो.

पैशांचं बोलू. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातच प्राध्यापकांकडे सहायक म्हणून काम मिळालं तर ते दिवस यात धरत नाहीत, म्हणून आधी तिथे चौकशी कर. किमान वेतन 2026 च्या जानेवारीपासून ताशी 13.90 युरो आहे. त्याला रुपयांनी गुणायची सवय पहिल्या महिन्यातच मोडून टाक, नाहीतर कॉफी घेतानाही जीव तुटतो. आणि कर्जाचा हप्ता पहिल्या सत्रापासूनच कामातून फेडीन असं बाबांना सांगू नकोस. आपल्याकडून गेलेल्या दोन मुलांना मी त्यापायी रात्री गोदामात आणि सकाळी वर्गात झोपताना पाहिलंय.

कारण परीक्षा इथे वेगळी आहे. हजेरी कुणी घेत नाही, बहुतेक विषयांत सत्राअखेरची एकच परीक्षा, आणि तिच्यासाठी मुदतीत स्वतः ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. तोच विषय साधारण तीन वेळा देता येतो, तिसऱ्यांदाही गेला की तो अभ्यासक्रमच हातून जातो. गुण उलटे असतात: 1.0 सर्वांत चांगले, 4.0 ला काठावर पास, 5.0 नापास. हे घरी आधीच समजावून ठेव. माझ्या 1.3 चा आकडा ऐकून बाबा दोन दिवस गप्प होते.

मन लागायचं विचारलंस. आमच्या घरामागे यंत्रमाग. जन्मापासून त्या खटखटीत झोपले, रविवारी माग बंद असले तरी गल्लीत माणसांचा आवाज असायचाच. इथे रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर कुणी नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायचाही आवाज करायचा नाही. पहिल्या रविवारी मी घरात खाण्यासारखं काही आणून ठेवलं नव्हतं, आणि त्या शांततेत मला खरंच भीती वाटली. म्हणून शनिवारी दुपारपर्यंत बाजार कर आणि रविवारी घरात बसू नकोस. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ, आईचा स्वयंपाक आवरलेला असतो. ती वेळ फोनसाठी ठरवून ठेव, उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांवर येतो. जानेवारीत गड्ड्याची यात्रा येईल आणि तू परीक्षेच्या तयारीत असशील. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, नंदीध्वज, अक्षता, हे सगळं फोनवर बघताना रडू आलं तर येऊ दे.

तुझ्या आईने 2018 सालच्या इथल्या निदर्शनांबद्दल वाचलंय असं लिहिलंस. ती झाली होती, स्थलांतरितांविरुद्ध होती, खोटं सांगणार नाही. मला ट्राममध्ये एकदा एक माणूस ओरडून बोलला. तेव्हा शब्द कळले नाहीत, सूर कळला. पुढच्या बाकावरची म्हातारी बाई उठून माझ्या शेजारी येऊन बसली, माझ्या स्टॉपपर्यंत माझ्याशी हवामानाचं बोलत राहिली. मी फक्त "हो, थंडी आहे" एवढंच म्हणू शकले. ते मला अजून लागतं. रात्री उशिरा एकटा हिंडू नकोस, पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिका आणि आगीसाठी 112 लक्षात ठेव, रात्री डॉक्टर हवा असेल तर 116117.

तिकीट झालं की तारीख कळव. लाइपझिगहून येणारी गाडी पकड, मी स्टेशनवर असेन. इथे ट्राम थेट स्टेशनच्या आतपर्यंत येते, त्यामुळे बॅगा घेऊन बाहेर पडू नकोस, ट्रामच्या फलाटाशीच थांब. येसर दोन पाकिटं जास्त टाक, माझं संपलंय.